मोमियाई ते व्हॉट्सॲप: अफवांचा थोडा इतिहास



हल्ली जुफेरमध्ये काय किंवा सल्मानियात काय, चार मराठी घरे जेवायला एकत्र जमली की वरण-भातापासून ताकापर्यंत पोचेतो विषय हमखास एकाच जागी येतो. "या इंटरनेटने वाट लावली हो सगळ्यांची!" कुणाच्या वडिलांनी गावाहून पाठवलेला व्हिडिओ असतो, कुणाच्या मेव्हण्याने एकहाती शोधून काढलेले जागतिक कारस्थान असते, कुणाच्या मावशीने कॅन्सरवर सुचवलेला काढा असतो. आणि निष्कर्ष ठरलेला: पूर्वी असे नव्हते. पूर्वी लोक पेपर वाचायचे, रेडिओ ऐकायचे, डोके वापरायचे.

मला या "पूर्वी"बद्दल जरा शंका आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, सितऱ्याच्या बाजूला नोकरी करणारा साधा इंजिनिअर आहे. पण जुने वाचायची खोड आहे, आणि जितके मागे जावे तितके हे "पूर्वी" आणखी मागे पळते असा अनुभव आहे. म्हणून आज थोडा इतिहास. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात मुंबईपासून करू. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोगी तपासून सांगितले की हा साधा ताप नव्हे, हा गाठीचा प्लेग आहे. (धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्यातले निम्मे लोक त्याच्या बाजूने शेकडो वेळा गेले असतील, वर बघितले असेल की नाही कोण जाणे.) सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीचे शहर. टेलिफोन मोजक्या साहेबांकडे आणि शेठजींकडे. रेडिओ जन्मायचा होता. गिरणगावात आणि चाळींत बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. म्हणजे इंटरनेट तर सोडाच, पण अफवा पसरायला आज ज्याला आपण "माध्यम" म्हणतो ते जवळपास काहीच नव्हते.

आणि तरीही काय काय पसरले बघा. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून "मोमियाई" नावाचे औषध काढतात. डॉक्टर टाचा कापून रक्त काढून घेतात. त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. लगेच दोन गोष्टींची सांगड घातली गेली: राणी रागावली आहे, तिला शांत करायला माणसांची काळजे हवी आहेत, आणि ती काढण्यासाठीच इस्पितळे उघडली आहेत! २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. रोग्यांना सक्तीने उचलून नेण्याचा जो हुकूम पालिकेने काढला होता तो थोड्याच दिवसांत सैल करावा लागला. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती, आणि जाणाऱ्यांबरोबर प्लेगही गेला, हे वे. सां. न. ल.

आता गंमत अशी की पुतळ्याला डांबर फासल्याचे पुढे दामोदर हरी चापेकरांनी आपल्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले. म्हणजे डांबर खरे, प्लेग खरा, इस्पितळातून प्रेते बाहेर येत होती हेही खरे. खोटा होता तो त्यांना जोडणारा दोरा. कारस्थानाच्या कुठल्याही कथेत हेच दिसेल. सुटे सुटे तुकडे बहुधा खरे असतात. ते ज्या दोऱ्यात ओवले जातात तो दोरा कुणीतरी घरी वळलेला असतो.

मोमियाईच्या गोष्टीला आपण हसतो. पण घटकाभर त्या कामगाराच्या जागी बसून बघा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला शिपाई उचलून नेतात. का नेतात ते कुणी समजेल अशा भाषेत सांगत नाही. घरच्यांना आत सोडत नाहीत. गेलेला माणूस बहुधा परत येत नाही (येणार कसा? प्लेगवर तेव्हा औषधच नव्हते, आणि लोक रोगी लपवून अगदी शेवटच्या घटकेला सापडायचे). मग प्रश्न उरतो, आत करतात तरी काय? या प्रश्नाला सरकारकडून उत्तर मिळाले नाही, तेव्हा लोकांनी आपले आपण तयार केले. माझ्या मते अफवा म्हणजे न मिळालेल्या उत्तराच्या जागी बसवलेले उत्तर. ते चुकीचे असते, पण ती जागा मोकळी असते हे मात्र नाकारता येत नाही.

लशीचेही तसेच. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. (आपले परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाचे.) तरी पुढच्या काही वर्षांत लशीबद्दल देशभर काय काय बोलले गेले: सुई हातभर लांब असते, टोचले की माणूस तिथेच मरतो, पुरुष नपुंसक होतात, बायकांना मुले होत नाहीत. यातले शेवटचे दोन २०२१ सालीही ऐकले असतील ना? सव्वाशे वर्षांत एक शब्द बदलला नाही.

यात आणखी एक दुखरी गोष्ट आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात झाला आणि ती गेली. हाफकिनना निलंबित केले गेले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडताना जागेवर झालेल्या दूषिततेचा होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. म्हणजे "सुईने माणूस मरतो" ही अफवा आधी होती, आणि नंतर एका गावात ती खरी ठरल्यासारखी दिसली. अशा वेळी "लोक अडाणी आहेत" एवढे म्हणून भागत नाही. झाले काय ते लवकर आणि उघड सांगणे हाच उपाय असतो, आणि तो पाच वर्षांनी केला तर उपयोग नसतो.

कुणी म्हणेल, हे झाले चाळीतले आणि खेड्यातले. शिकलेल्यांचे काय? तर तिथेही एक गोष्ट आहे, आणि परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

१८९७ च्या वसंतात पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. देवघरात बूट घालून जाणे, सामान जाळणे, बायकांची तपासणी, याबद्दल तक्रारींचा पूर आला, आणि त्यातल्या कित्येक खऱ्या होत्या. टिळक पुणे सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढायला पुढाकार घेतला आणि दुसरीकडे केसरीतून या जुलमावर टीकाही केली. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकलो.

शाळेत फारसे न शिकवलेले असे की, याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. त्यांना पुण्याहून पत्रे येत होती, आणि ती कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती, विश्वासातल्या माणसांची होती. त्या पत्रांत शिपायांनी स्त्रियांवर बलात्कार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगितले. पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला, सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, पत्रे लिहिणाऱ्यांना विचारले, आणि नावानिशी पुढे येऊन ते सिद्ध करायला कुणीच तयार होईना. तेव्हा गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे सांगायचे नाकारले, सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि बिनशर्त जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा म्हटले. पुढच्या वर्षी प्लेग पुन्हा आला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक म्हणून मदतकार्यात उतरले.

विचार करा. गणिताचा प्राध्यापक, न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार झालेला, एकेक आकडा दहादा तपासणारा माणूस. सहा हजार मैलांवर बसलेला, गावाकडच्या बातमीने कासावीस झालेला. बातमी विश्वासू माणसाकडून आलेली, आणि गावाकडे जे चालले होते त्याच्याशी जुळणारी. ती त्याने पुढे पाठवली. हातात मोबाइल नव्हता, बोटीने आलेली पत्रे होती. बाकी आपल्यात आणि त्यांच्यात फरक असेल तर तो नंतरचा आहे: चुकीचे ठरले तेव्हा त्यांनी ते जिथे बोलले होते तिथेच, सगळ्यांसमक्ष मागे घेतले. आपल्यापैकी किती जण पाठवलेली गोष्ट खोटी निघाल्यावर त्याच वीस माणसांना "ते खोटे होते" असे कळवतात?

याहूनही मागे जायचे तर १८५७. त्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तरेत गावोगाव चपात्या फिरल्या. एका गावच्या चौकीदाराने पुढच्या गावच्या चौकीदाराला द्यायच्या, का ते कुणालाच माहीत नाही, आणि सरकारी डाकेपेक्षा त्या जोरात पळत होत्या. आपले वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये (छापले गेले १९०७ साली) काडतुसांच्या गोष्टीबरोबर ८४ कलमांची एक हकिगतही आहे: हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवायला सरकारने म्हणे ८४ कलमे तयार केली आहेत! अशी गुप्त यादी, तिच्यात नेमकी संख्या, आणि "वरपर्यंत ठरले आहे" हा सूर... ओळखीचा वाटतो ना? नेमका आकडा टाकला की अफवा भारदस्त होते ही युक्ती व्हॉट्सॲपने शोधलेली नाही.

बरे, आपण जिथे राहतो तिथले काय? "पूर्वी लोक रेडिओ ऐकायचे" हे बहरीनला अगदी लागू आहे. पण तो रेडिओ काय सांगायचा ते बघू. १९३४ पासून मुसोलिनीच्या इटलीचे बारी स्टेशन अरबीतून बोलू लागले. त्याला उत्तर म्हणून बीबीसीने ३ जानेवारी १९३८ ला अरबी सेवा सुरू केली. परकीय भाषेतली बीबीसीची ही पहिली सेवा. मग बर्लिन सुरू झाले, युनुस बहरी नावाच्या इराकी निवेदकाच्या गर्जनांसकट. १९ ऑक्टोबर १९४० ला इटालियन विमाने खरोखरच बहरीनच्या रिफायनरीवर बाँब टाकून गेली. नुकसान किरकोळ झाले, पण आपल्या डोक्यावर बाँब पडलेल्या माणसाला बर्लिनचे उरलेले सगळेही खरे वाटू लागले तर नवल नाही. त्याच साली ब्रिटिशांनी बहरीनमध्येच रेडिओ स्टेशन उघडले. एका रेडिओला उतारा म्हणून दुसरा रेडिओ.

त्यानंतर कैरोचा "आवाज-ए-अरब" (सौत अल-अरब), १९५३ पासून. गल्फभर कॉफीच्या दुकानांतून लोक कानात प्राण आणून ऐकत. ५ जून १९६७ ला युद्ध सुरू झाले आणि निवेदक अहमद सईद शत्रूची किती विमाने पाडली त्याचे आकडे सांगत राहिले. प्रत्यक्षात इजिप्तचे बहुतेक विमानदळ पहिल्या काही तासांतच जमिनीवर नष्ट झाले होते. मग पराभव झाकता येईना तेव्हा सांगण्यात आले की अमेरिकेची आणि ब्रिटनची विमाने इस्राएलच्या बाजूने उतरली होती. त्यावर विश्वास ठेवून कित्येक अरब देशांनी अमेरिकेशी संबंध तोडले, तेल रोखले. ही अफवा चाळीतून निघाली नव्हती, सरकारातून निघाली होती. आमच्या कंपनीत एक वयस्क बहरीनी सहकारी होते, ते म्हणायचे, "त्या आठवड्यानंतर माझ्या वडिलांनी रेडिओ फेकला नाही, पण दोन स्टेशने ऐकल्याशिवाय एकाही बातमीवर बोलायचे नाही असा घरात नियम केला." मला हा नियम फार आवडतो. जुन्या पिढीने रेडिओला शिव्या देऊन हात झटकले नाहीत, ऐकायची रीत बदलली.

आता टेलिफोन. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध प्यायला तो दिवस. ज्यांचा जन्म नंतरचा त्यांच्यासाठी: त्या दिवशी पहाटे दिल्लीच्या बाजूने बातमी निघाली की गणपतीच्या मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला की दूध नाहीसे होते. दुपारपर्यंत सगळा देश देवळापुढे रांगेत उभा. त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही रांगा. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागून (विदेश संचार निगम, १५ ऑगस्ट १९९५) तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते, म्हणजे इंटरनेटचा त्यात काडीचा हात नव्हता. सगळे काम एसटीडी आणि आयएसडीने केले.

मी तेव्हा मनाम्यात होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना पुण्याहून फोन आला. त्या काळी भारताचा फोन म्हणजे घड्याळ समोर ठेवून बोलायची गोष्ट, आणि एवढे पैसे घालून कुणी खोटे कशाला सांगेल, हाच त्यांचा मुद्दा! पितळी गणपती बाहेर आला, चमचा सोंडेला लागला, दूध कमी झाले. मी खाली वाकून बघितले तर मूर्तीच्या पोटावरून दुधाचा पातळ ओघळ तबकात उतरत होता. "काकू, हे बघा," म्हटले. काकू म्हणाल्या, "तेवढे सांडायचेच रे, बाकीचे प्याला ना." असो.

कारण सोपे होते. चमच्याची कड मूर्तीला टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरते. सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग घालून ते त्याच दिवशी दाखवून दिले, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीही ठिकठिकाणी समजावले. अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, आधी माहीमच्या खाडीचे पाणी "गोड" झाले म्हणून लोक बाटल्या भरभरून ते प्याले, आणि दोन-तीन दिवसांतच मूर्ती पुन्हा दूध प्यायल्या. तेव्हा एसएमएस आणि चोवीस तास चालणारे टीव्ही चॅनेल होते. व्हॉट्सॲप अजून जन्मले नव्हते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, म्हणजे इंटरनेट निर्दोष. नाही. तसे म्हणणेही सोयीचे होईल, आणि खोटे होईल.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूचे. त्या आधी कित्येक दिवस त्या भागात मोबाइलवर फिरत होते की मुले पळवणारी टोळी आली आहे. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे पाचही जणांना ठार मारले. त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचा होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेचा जागृतीसाठी केलेला व्हिडिओ. शेवटी ते लोक मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, मुलांकडे लक्ष ठेवा म्हणून. तो शेवट कुणीतरी कापला.

इथे इंटरनेटने नवे काय केले ते मला तीन गोष्टींत दिसते. एक, वेग. मांडवीची अफवा परळला पायी चालत जायची, वाटेत चार माणसे भेटायची, एखादा म्हणायचा "छट्, माझा भाऊ तिथेच कामाला आहे." दुसरे, डोळ्यांनी पाहिल्याचा भास. मोमियाई कुणी पाहिली नव्हती, मूल पळवताना मात्र "पाहिले" होते. तिसरे, सांगणाऱ्याचा चेहरा गेला. पारावर गप्पा मारणारा माणूस थापाड्या आहे की नाही हे गावाला ठाऊक असते. फोनवर सगळे मजकूर एकाच तोंडवळ्याचे. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, म्हणजे वेगाचा दोष कंपनीनेही एक प्रकारे मान्य केला.

पण काडी इंटरनेटची असली तरी सरपण कुणाचे होते? "जेव, नाहीतर गोसावी येईल आणि झोळीत घालून नेईल." हे वाक्य तुम्ही लहानपणी ऐकले असेल. मी ऐकले आहे, आणि सांगणारी माणसे अत्यंत प्रेमळ होती. फिरत्या, झोळीवाल्या, अनोळखी माणसाची भीती आपण कित्येक पिढ्या वरणभाताबरोबर भरवली आहे. त्यात इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा जाऊनही (१९५२) संशय गेला नाही. राईनपाड्याला त्या पाच जणांची ओळख सांगणारा गावात कुणी नव्हता. अफवेला बळी बहुधा असाच लागतो: ज्याला इथे कुणी ओळखत नाही असा.

मंडळी, आपण इथे कोण आहोत? घरे आहेत, नोकऱ्या आहेत, मुले शाळेत आहेत, पण शेवटी बाहेरून आलेली माणसेच. २०२० च्या एप्रिलमध्ये इथल्या कामगारांच्या वस्त्यांत कोविडचे रुग्ण सापडले तेव्हा "हे लोकच पसरवतात" असे बोलणे मी ऐकले आहे, आणि बोलणाऱ्यांत आपलेही लोक होते. एका खोलीत आठ-दहा माणसे राहिली तर विषाणू पसरणारच, त्यात त्या माणसांचा काय गुन्हा?

आणि उपाय काय, तेही इतिहासात आहे. १८९७ मध्ये सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात दवाखाना काढला. तिथे मोमियाईची भीती घालायला वाव नव्हता, कारण रोग्याला आणायला शिपाई नव्हे, सावित्रीबाई स्वतः जात होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी आणले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या लोकांदेखत लस टोचून घेतली, आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९७ चा साथीचा कायदा (तोच २०२० मध्ये पुन्हा वापरला) जे करू शकला नाही ते ओळखीच्या माणसाने केले.

इथेही तेच पाहिले. बहरीनने डिसेंबर २०२० मध्ये फायझरच्या लशीला ब्रिटननंतर लगेच, जगात दुसऱ्या क्रमांकाने, मंजुरी दिली, आणि लस परदेशी कामगारांनाही फुकट होती. तरी आमच्या साइटवरची तेलंगणाची, बिहारची आणि आपल्या कोकणातली पोरे नाव नोंदवायला तयार नव्हती. कारण तेच, १८९७ वालेच. पत्रके तीन भाषांत लावून झाली, काही हलले नाही. मग आमच्या मुकादमाने, जो त्यांच्याच खोलीत राहून वर चढलेला, सगळ्यांसमोर सांगितले, "मी परवा घेतो, माझ्या बायकोला मी फोन करून सांगितलंय, मला काय झालं तर तुम्ही बघाच." घेतली. तिसऱ्या दिवशी कामावर आला, दंड दुखतो म्हणून शिव्या घालत. त्या आठवड्यात यादी भरली.

म्हणून "इंटरनेटने बिघडवले" हे वाक्य मला पटत नाही. ते अगदीच खोटे नाही, पण ते म्हटले की आपले काम संपते. दोष यंत्राचा, आपण मोकळे. इतिहास सांगतो की अफवा तीन जागी रुजते: जिथे खरी भीती आहे, जिथे सांगणाऱ्यावर भरवसा नाही, आणि जिथे खरी माहिती उशिरा येते. या तिन्ही जागा इंटरनेटच्या आधीपासून आहेत.

तर माझे एवढेच म्हणणे. गावाकडून काही आले तर आधी बापाला किंवा मेव्हण्याला हसू नका, ते कशाला घाबरले आहेत ते विचारा, आणि त्याचे खरे उत्तर शोधून फोनवर, मराठीत, शांतपणे सांगा. परदेशी राहणाऱ्याच्या शब्दाला घरी अजून वजन असते. ते वापरा, आणि जपून वापरा. अनोळखी माणसाबद्दलची, जातीबद्दलची, धर्माबद्दलची बातमी असेल तर दोन "स्टेशने" ऐकल्याशिवाय पुढे ढकलू नका. (या देशात खोटी बातमी पसरवणे हा गुन्हाही आहे, हे नवीन आलेल्यांनी ध्यानात ठेवावे.) आणि कधी चुकीचे गेलेच, तर गोखल्यांसारखे करा: जिथे बोललात तिथेच मागे घ्या.

वर काही कमी-जास्त वाटले तर जरूर लिहा. विशेषतः ज्यांच्या घरात प्लेगच्या वेळच्या आजी-पणजीच्या आठवणी ऐकायला मिळाल्या असतील, त्यांनी त्या लिहून काढाव्यात. त्या सांगणारी माणसे आता फार उरली नाहीत.